दोनदा परत आलेला ब्रिज

डेन्मार्कमधल्या ओडन्सेच्या त्या बेकरीत ब्रुन्सविगर केकचा एकच तुकडा उरला होता, आणि माझी नि शेजारच्या अनोळखी तरुणाची, दोघांचीही नजर त्यावरच.

"अर्धा-अर्धा?" तो म्हणाला. केस पावसाने भिजलेले, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"चालेल. पण एवढी साखर... दातांचं काय?"

"काळजी नको. मी दातांचाच डॉक्टर आहे. आस्गर लिंडहोल्ट."

गेले दोन आठवडे मी याच नावाने बोटं मोडत होते. दातांच्या लॅबमध्ये काम करते मी. त्याने रुग्णाच्या तोंडाचा स्कॅन पाठवायचा, मी त्यावरून दात घडवायचे. एका आजीबाईंचा लांबलचक ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नकली दातांची रांग, दोनदा परत आला होता – बसत नाही म्हणून. तिसऱ्यांदा आला तर दुसरी नोकरी शोध, असं मालकीण बिर्टेने मला स्पष्ट बजावलं होतं.

"मी राग्ना. तुझा ब्रिज मीच करते."

"अच्छा... म्हणजे बिघडवणारी तूच?"

"माझ्या तोंडाचा स्कॅन घे, मग बघू कोण बिघडवतं ते."

"पहिल्याच भेटीत थेट माझ्या खुर्चीत?"

"फार उडू नकोस. माझे प्लास्टरचे दात घेऊन येतेय."

दात घडवायला शिकवणाऱ्या आमच्या शाळेत प्रत्येकाला आधी स्वतःचे दात प्लास्टरमध्ये करावे लागतात. माझे अगदी तंतोतंत आहेत, याचा मला थोडा गर्वच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्यात त्याने स्कॅनरने माझ्या डाव्या दाढा टिपल्या, मग उजव्या, शेवटी घाईघाईने पुढचे दात. स्कॅनमध्ये दोन टोकांच्या दाढांमधलं अंतर माझ्या प्लास्टरच्या दातांपेक्षा पाव मिलिमीटर कमी भरलं.

"केसाएवढा तर फरक!"

"तीन केसांएवढा. आणि ब्रिज एका केसावरही अडतो. असे तुकडे केलेस की यंत्र ते जोडत बसतं, आणि जोडागणिक चूक वाढते. आधी दात कोरडे कर. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जा."

तो वरमला. पुन्हा सुरुवात केली, या वेळी अगदी सावकाश. त्याचं बोट माझ्या गालाला टेकलेलं, श्वास रोखलेला... आणि माझंच काळीज धडधडायला लागलं.

"राग्ना," तो हळूच म्हणाला, "तुला आता बोलता येत नाही, म्हणून धीर करतोय... तू मला फार आवडतेस."

मी आ वासून नुसती पापण्यांची उघडझाप करत राहिले.

या वेळी माप जुळलं. त्याने लगेच लॅबला फोन लावला. "बिर्टे, चूक माझ्या स्कॅनची होती. दोन्ही वेळा. राग्नाचं काम चोख होतं. आजींना बोलावून नवा स्कॅन पाठवतो."

सबब नाही, सारवासारव नाही. इतकी वर्षं डॉक्टरांची बोलणी खाल्ली, पण असा फोन कुणी केला नव्हता. मी तिथेच विरघळले.

फोन ठेवून तो माझ्याकडे बघायलाही कचरत होता. "मघाचं... राग आला असेल तर–"

"आला ना. उत्तर देता येत नव्हतं म्हणून." मी त्याचा हात धरला. "मलाही तू आवडतोस, आस्गर."