मनुकांचं अक्षर

रोदांथी आत आली, पण बसली नाही. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात ती दारातच उभी राहिली.

"स्त्रातिस, माझ्या मानूसोसला जर्मनांच्या हवाली कोणी केलं, ते मला रविवारच्या आत हवंय. रविवारी त्याचं वर्षश्राद्ध. प्रार्थना संपली की माझा धाकटा लाम्बिस फानूरिस मास्तरला गोळी घालणार. बंदूक तेल लावून ठेवलीय त्याने."

"मास्तरनेच केलं असेल तर, मावशी?"

"तर घालू दे. पण नसेल केलं तर? मास्तरला भाऊ आहेत. माझा दुसराही जाईल."

जर्मन क्रीटमध्ये आले त्या आठवड्यात स्त्रातिसने पोलिसाची नोकरी सोडली होती. आता ते गेले, आणि लोक त्याच्याकडे हरवलेली मेंढरं नि हरवलेली माणसं शोधायला येत. सोबत मेव्हणा मिखालिस असे. मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश.

रोदांथीने सगळं सांगितलं. मानूसोस डोंगरातल्या लढवय्यांत होता. जर्मन सारखे दारात. म्हणून तिने तो चकमकीत मेला असं उठवलं, काळं घातलं, चाळिसाव्या दिवशी देवळात वाटायचे गहूही उकडले. जर्मनांनी शोध थांबवला. आणि चाळिसाव्याला आठवडा उलटायच्या आत ते डोंगरातल्या तिच्या मेंढरांच्या खोपीवर चालून गेले. तो तिथे झोपलेला होता, तिथेच त्याला मारलं.

"खोपी कोणाला ठाऊक होती?"

"साऱ्या गावाला. पण तो जिवंत आहे हे मी आणि आपले पाद्री पापा-तितोस, दोघांनाच. लाम्बिसलाही नाही."

"म्हणजे त्या चाळिसाव्याच्या दिवशीच कोणाला तरी कळलं. गव्हाचं ताट कोणाजवळ होतं?"

"माझ्याजवळ. विहिरीवर गेले तेवढाच वेळ घरात नव्हते. मग पापा स्वतः येऊन झाकलेलं ताट घेऊन गेले."

"दाराला कडी होती?"

"कडी कशाला? येतात ते घरचेच."

फानूरिस मास्तर शाळेच्या पायरीवर एकटाच बसला होता. गाव त्याच्याशी बोलणं टाकून होतं.

"मला जर्मन येतं हाच माझा गुन्हा," तो म्हणाला. "छावणीत दुभाष्या म्हणून उभं करायचे मला. नाही म्हटलं असतं तर भिंतीशी उभं केलं असतं."

"चाळिसाव्याला होतास?"

"होतो. पापा पायरीवर ठेचकाळले, ताट विस्कटलं. मला भडभडून आलं. मनुकांनी मानूसोसच्या नावाचं अक्षर मांडताना त्या माउलीचे हात किती कापले असतील, आणि सगळं मातीमोल!" त्याने डोळे पुसले.

"रडतोय बघा, दाजी," बाहेर पडताच मिखालिस म्हणाला. "मन खातंय त्याला. हाच."

"तू काल कांदा चिरताना रडलास. तुलाही धरू का?"

पापा-तितोसांनी आधी देवळाचं दार ओढून घेतलं.

"ठेचकाळलो नव्हतो मी," ते म्हणाले. "देवळामागच्या खोलीत कापड काढलं. गव्हावर पसरलेल्या भाजक्या पिठावर मनुकांचा क्रूस होता, पण मृताच्या नावाचं अक्षर नव्हतं. जिवंत पोराचं अक्षर मेलेल्यांच्या ताटात कोणती आई घालेल? लोकांनी पाहिलं असतं तर बिंग फुटलं असतं. मी हाताने सगळं कालवलं आणि ठेच लागल्याचं सांगितलं. हे मी तिलाही बोललो नाही."

शेवटी रोदांथीचा भाऊ कोस्तांदिस. तो गिरणीत पीठ झाडत होता. कोपऱ्यात त्याचा तरणा मुलगा सिफिस लंगडत पोती लावत होता.

"हा जर्मनांच्या तुरुंगात होता तेव्हा," कोस्तांदिस म्हणाला. "मानूसोस गेला त्याच आठवड्यात सुटला. संतांची कृपा. घरात एक आला, एक गेला."

"चाळिसाव्याला सकाळी बहिणीकडे गेला होतास?"

"छे, गिरणीतून थेट देवळात. तोवर ताट कालवलेलं होतं." त्याने सुस्कारा टाकला. "खचली होती हो ताई. क्रूस कसाबसा मांडला, अक्षर घालायला काही हात धजला नाही तिचा."

स्त्रातिसने निरोपही घेतला नाही.

रविवारी देवळाच्या अंगणात ओट्यावर ताट होतं. लाम्बिसच्या खांद्याला बंदूक होती. मास्तर आला होता, पळाला नव्हता.

"मास्तर निर्दोष आहे, लाम्बिस," स्त्रातिस म्हणाला.

"मग कोण?"

स्त्रातिसने रोदांथीकडे पाहिलं. "मावशी, कसं कळलं ते न विचारता माझ्यावर विश्वास ठेवाल?"

"मी ठेवणार नाही!" लाम्बिसने बंदूक उतरवली. "पुरावा दे."

एकाचा जीव वाचवायचा तर दुसरीचं काळीज फाडावं लागणार होतं.

"गेल्या वर्षीच्या ताटावर अक्षर नव्हतं. ते पापांनी पाहिलं आणि ताट कालवून टाकलं. मास्तर समजतो की अक्षर होतं, म्हणून तर तो त्यासाठी रडला. म्हणजे त्याच्या लेखी मानूसोस मेलेलाच होता. अक्षर नाही हे ज्याला ठाऊक, त्याने ताट घरातच उघडून पाहिलं. आई विहिरीवर असताना. कडी नसलेल्या दारातून घरचाच माणूस आला. कोस्तांदिस, कालवलेलं ताट पाहणाऱ्याला अक्षर नव्हतं हे कसं कळेल?"

कोस्तांदिस बहिणीकडे वळला. "मी मनुका चोरायला आलो होतो, ताई. सिफिसला तुरुंगात न्यायच्या होत्या. कापड उचललं... माझ्या पोराला ते गोळी घालणार होते गं!"

लाम्बिसने बंदूक रोखली. रोदांथी नळीसमोर येऊन उभी राहिली.

"खाली कर. त्याने सांगितलं. पण दाखवलं मी."

"आई, तू काय केलंस?"

"माझा हात धजला नाही. धजला असता तर मानूसोस आज जेवायला आला असता." ती ओट्याकडे वळली. आजच्या ताटावरही नुसता क्रूसच होता. मनुकांची वाटी तशीच भरलेली होती. "वर्ष झालं, तरी हात धजत नाही."

मग तिने एक मनुका उचलली. दुसरी. पहिली रेघ वाकडी आली. लाम्बिसने बंदूक ओट्याला टेकवली आणि आईचं मनगट धरलं. दोघांनी मिळून मानूसोसचं अक्षर पुरं केलं.

गहू वाटताना तिने एक मूठ कोस्तांदिसच्या ओंजळीत घातली.

"म्हण," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले, शब्द काही आला नाही.

"देव त्याला क्षमा करो," मिखालिस मोठ्याने म्हणाला. मृतासाठी म्हणायचे तेच शब्द. मागोमाग सारं गाव म्हणालं, मास्तरही. रोदांथीने ते आज पहिल्यांदा ऐकून घेतले, आणि मग ती खाली बसून रडली.