पास्कोचा डॅफोडिल

संध्याकाळ व्हायच्या आत वाफ्यातलं तण काढून टाकावं म्हणून मी खुरपं घेऊन परसात गेले होते. बाकी काही मनात नव्हतं. टेमर नदीकडून धुकं वर यायला अजून वेळ होता.

आमच्या कॉर्नवॉलच्या या खोऱ्यात डॅफोडिलचे कंद घरोघरी असतात. पण बियांपासून डॅफोडिल वाढवणारा वेडा माणूस एकच, माझा नवरा पास्को. पोटासाठी तो मेणकापडाची विजार घालून शेतांत फुलं तोडायला जायचा. बी पेरल्यापासून पहिलं फूल दिसेपर्यंत पाच-सहा वर्षं जातात. एका वसंतात त्याने माझाच पावडर लावायचा ब्रश पळवला आणि एका पांढऱ्या फुलाचं लाल काठाच्या फुलाशी लग्न लावून दिलं.

"जे फूल येईल ना, त्याला नाव तुझं. मोर्वेना!"

"तोवर मी म्हातारी होईन रे."

"मग म्हातारीचं नाव. फुलाला काय फरक पडतो?"

मूठभर बियांतून एकच कंद तगला. फूल यायच्या आधीच पास्को गेला. परसातले बाकीचे जुने कंद मी उपटून शेजारच्या हेडलीकाकांना देऊन टाकले. वाफे ओस पडले. एवढा एकच ठेवला, कारण त्याचं फूल मला पाहायचं होतं. त्याने माझ्यासाठी घडवलेला तो चेहरा एकदा पाहिला की मग मी मरायला मोकळी, असं मी स्वतःला सांगत असे.

मागच्या वर्षी पहिली कळी आली. तिने मान वाकवली, रंगाची रेघ दिसली आणि दुसऱ्या सकाळी कळी गायब! देठ अगदी बुडाशी, एका झटक्यात मोडलेला. आमच्याकडे फूल शेतात उमलू देत नाहीत, उमललेलं फूल बाजारापर्यंत टिकत नाही. मान वाकली की तोडायचं. तोडणाऱ्यांचे हात त्यासाठी डोक्याला विचारत नाहीत. मी चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हेडलीकाका कुंपणावर रेलून ऐकत होते. म्हणाले, "चोर असता तर कंद नेला असता गं. नुसती कळी नेऊन काय करणार तो?"



आता पुन्हा एकच कळी आली होती. तण काढताना पाहिलं, तर तिची मान वाकली होती. मी खुरपं टाकलं, स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि शाल गुंडाळून तिच्याशेजारी बसले.

"राखण करतेस का नवऱ्याची वाट बघतेस?" काका पलीकडून ओरडले.

"तुम्ही घरी जा, काका. चहा निवतोय तुमचा."

ते हसत गेले. उजेड उतरला. धुक्याने आधी खालची झाडं गिळली, मग कुंपण. ओल्या मातीचा वास दाटला आणि त्यात मोडलेल्या देठांतून गळणाऱ्या हिरव्या चिकाचा उग्र वास मिसळला. मी चमकले. तोडलेलं फूल तर आसपास एकही नव्हतं.

मग परसाच्या टोकाकडून आवाज आला. मेणकापडाची विजार घासल्याचा. सळ्ळ... थांबला. टक्. पुन्हा सळ्ळ... टक्. सरीतून वाकत वाकत, देठ मोडत कुणीतरी येत होतं. आणि हातावर फुलांचा भारा वाढला की देठ एकमेकांवर घासून कुईकुई करतात, तेही ऐकू येत होतं. त्या वाफ्यांत नुसती माती होती हो! तोडायला काही नव्हतंच.

पळून जावं असं वाटलं, पण मी खुर्ची सोडली नाही. खरं सांगायचं तर पळायचं नव्हतंच मला. आवाज शेजारच्या सरीत आला. मी डोळे गच्च मिटून घेतले. पाहिलं आणि तिथे कुणी नसलं तर?

"पास्को..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "ही नको तोडूस... उमललेली बघू दे ना मला. एकदाच..."

सगळं थांबलं. गार, ओला श्वास माझ्या अगदी जवळ होता. किती वेळ, कोण जाणे. मग मेणकापड पुन्हा सळसळलं... दूर जाणारं. टक् झालंच नाही. त्याने ऐकलं होतं. आणि मला एकदम कळलं की तो कळीसाठीच तर येत होता.

"थांब रे... घे. घे हवी तर! पण जाऊ नकोस..."

नदीवरून वारा आला. बस्स.

सकाळी फूल उमललं होतं. पांढऱ्या पाकळ्या, मधल्या वाटीला लाल काठ. इतकं देखणं की मी त्याच्यासमोर मातीत बसून ओक्साबोक्शी रडले. त्याला सांगायला तो हवा होता.

हेडलीकाका फूल बघायला आले आणि माझ्याकडेच बघत राहिले.

"गालाला काय झालं गं तुझ्या?"

हात लावला तर आग होत होती. काकांनी जवळ येऊन निरखलं. "हे तर चिकाचं पुरळ. फुलं तोडणाऱ्यांच्या हाताला उठतं ते. तू यंदा तोडलीस कुठे फुलं?"

"एकही नाही."

"चिकाने भरलेल्या हाताने कुणी गालाला..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि टोपी काढली. चार बोटं आणि अंगठा, असा तो ठसा होता. "मलम लाव. चार दिवसांत जाईल."

मी मलम लावलं नाही. त्या रात्री दाराला आतून अडसर घालून झोपले. तो भीतीने घातला की सवयीने, ते मला विचारू नका.

सकाळी आरशात पाहिलं. दुसऱ्या गालावरही तसाच ठसा उमटला होता.