फिसकटलेला सौदा

साल एकोणीसशे सत्त्याण्णव. विद्यापीठाच्या संगणक विभागात प्रिंटर एकच होता, आणि तोही कुरकुरत चालायचा. त्या दुपारी तिने त्यातून निघालेले गरम कागद उचलले आणि जागेवर येऊन वाचू लागली, तर मजकूर तिचा नव्हताच! ‘समोरचा जेवढं सोडेल, तेवढंच आपण सोडायचं.’

“माझे कागद पळवलेत,” मागून आवाज आला.

बघायला मान पार वर करावी लागली. नुकताच आलेला संशोधक होता. आल्या दिवसापासून सगळे त्याला लंबूच म्हणत.

“पळवले नाहीत, वाचले. आणि पटले नाहीत.”

“अरे वा! मग पटवून देऊ?”

झालं! विभागप्रमुख बाईंनी हे ऐकलं आणि दोघांना एकाच खोलीत बसवलं. काम मोठं गमतीचं होतं. दोन कंपन्यांच्या वतीने दोन प्रोग्रॅम आपसात घासाघीस करणार. माल कधी पोचवायचा, कुठे उतरवायचा, सगळं त्यांनीच ठरवायचं. माणसाने मध्ये तोंड घालायचं नाही. कुणाची पद्धत आपल्या कंपनीच्या पदरात जास्त फायदा पाडते, ते ताडून बघायचं. तिचा प्रोग्रॅम वेळ संपत येईपर्यंत तसूभर हलायचा नाही. लंबूचा मात्र समोरच्याचं बघून वागायचा.

“फार हट्टी आहे हो तुमचा!”

“मालकिणीवर गेलाय.”

“मालकीण अधूनमधून हसते तरी...”

ती खाली मान घालून खटाखट की-बोर्ड बडवत राहिली. कान मात्र लालेलाल!

घरी वहिनीच्या नजरेतून काय सुटतंय? “हल्ली रविवारीसुद्धा काम असतं वाटतं?”

“असतं,” ती म्हणाली, आणि वहिनी पदराआड हसली.

मग एक दिवस बाईंनी सांगितलं, की पुढच्या वर्षी एकच जागा राहणार आहे. शेवटच्या चाचणीत ज्याची पद्धत सरस ठरेल, तो राहील. दुसऱ्याने दुसरीकडे बघावं. तिला ती जागा जिवापाड हवी होती. पण जिंकली तरी ताटातूट, हरली तरी ताटातूट... मग निदान त्याचं तरी भलं होऊ दे! चाचणीच्या आदल्या दिवशी, तो चहाला गेला असताना, तिने आपल्या प्रोग्रॅमला नवी शिकवण दिली. फायद्याचा मोठा वाटा समोरच्याला द्यायचा, आणि आपल्याला मोठा मिळत असेल तर सरळ नाही म्हणायचं.

सकाळी सगळा विभाग पडद्याभोवती जमला. तिच्या प्रोग्रॅमने पहिल्याच फटक्यात सगळं देऊन टाकलं. लंबूच्या प्रोग्रॅमने ते नाकारलं आणि उलट तिलाच सगळं देऊ केलं! तिच्या प्रोग्रॅमने ते नाकारलं. पुन्हा देणं, पुन्हा नाकारणं... शेवटी वेळ संपली आणि अक्षरं उमटली: सौदा झाला नाही.

“हा काय पोरखेळ लावलाय?” बाई कडाडल्या.

तिचं लक्षच नव्हतं. ती लंबूकडे बघत होती – आणि तो तिच्याकडे.

“तुम्ही... प्रोग्रॅमला हात लावलात?” तिने विचारलं.

“तुम्ही?”

“मी आधी विचारलं!”

“जागा तुम्हाला मिळावी म्हणून लावला. दुसरं काय!”

“वेडा आहेस का रे तू?” ती ओरडलीच. आपण सगळ्यांदेखत अरेतुरेवर आलो हे कळलं, तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

“आहे,” तो म्हणाला. “करशील लग्न वेड्याशी?”

“हो!” ती बोटांआडून म्हणाली. “आता बघत काय उभा राहिलायस... हो म्हटलं ना!”

टाळ्यांनी खोली दणाणली. “जागा दोघांनाही नाही,” असं बाईंनी जाहीर केलं खरं, पण त्यांनाही हसू आवरेना.

जागा शेजारच्या खोलीतल्या अबोल सहकाऱ्याला मिळाली. पुढे तोच विभागप्रमुख झाला. बाई निवृत्त होईपर्यंत विद्यार्थ्यांना ती चाचणी शिकवत राहिल्या: दोन्ही बाजू फार उदार झाल्या, की सौदा कसा बुडतो! वहिनीने लग्नात मिरवून घेतलं. लंबू कॉलेजात शिकवू लागला, तिने एका कंपनीत मनासारखं काम मिळवलं. त्यांची लेक वकील झाली. ती मात्र समोरच्याला तसूभरही सोडत नाही.