एका झुरक्यापुरता श्वास

विचारलंत म्हणून सांगतो, गोळी लागू पडते. मला पडली. मिसरूड फुटल्यापासून सिगारेट ओढत होतो. अनेकदा सोडली आणि दर वेळी ती पत्ता काढत परत आली. शेवटी बायकोने, पूनमने, मला हाताला धरून डॉक्टर विजयश्रींकडे नेलं. त्यांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या.

"पहिला आठवडा सिगारेट चालू ठेवून घ्या, मग सोडायची," त्या म्हणाल्या. "गोळी पोटभर जेवून, पेलाभर पाण्याबरोबर. नाहीतर मळमळेल. स्वप्नं पडतील, अगदी रंगीत. मन फार उदास झालं किंवा भलतंसलतं वाटायला लागलं, तर लगेच मला फोन करायचा. आणि आपली गोळी दुसऱ्या माणसाला द्यायची नाही."

ही शेवटची अट मी मोडली की नाही, ते तुम्हीच ठरवा.

स्वप्नांचं त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. एकदा मी मुंडावळ्या बांधून दिघीच्या बाजारात दोडके विकत होतो आणि माझे सासरे पावकिलोसाठी घासाघीस करत होते. पूनम रोज सकाळी चहा देताना विचारायची, "आज कुठला पिक्चर लागला होता?" एक-दोनदा गोळी घेऊन मळमळलं, कारण जेवण नीट केलं नव्हतं. पण तलफ उतरली. टपरीपुढून जाताना पाय आपोआप थांबायचे, ते थांबेनासे झाले.

आणि नाक उघडलं. पूनम आमटीला हिंगाची फोडणी देते, हे मला लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी कळलं. मी ते कौतुकाने बोललो, तिने ते कौतुकाने घेतलं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमची ईश्वरी. दुसरीत आहे, दम्याचा पंप घेते. माझ्या शर्टाच्या वासानेही तिला ठसका लागायचा, म्हणून पोरगी कधी कुशीत यायची नाही. आता सुट्टीच्या दुपारी माझ्या छातीला कान लावून झोपायला लागली होती. झोपण्याआधी डॉक्टर-डॉक्टर खेळायची. "श्वास घ्या... सोडा..." आणि मग दम भरायची, "पप्पा, एक जरी ओढलीत ना, मला कळेल. मग मी परत येणार नाही." तिचं नाक म्हणजे पोलिसांच्या कुत्र्याने शिकवणी लावावी असं. म्हणजे बघा, माझं सगळं सुख एका झुरक्यावर टांगलेलं होतं.

तर त्या गुरुवारी गोळ्यांची पट्टी कंपनीतल्या लॉकरमध्ये राहिली. मी भरीत-भाकरी हाणली, ईश्वरीला म्हटलं, "आलोच," आणि गाडीला किक मारली.

भोसरीची एमआयडीसी तुम्ही चालू असताना पाहिली असेल. प्रेसचा दणदणाट, टेम्पोंचे हॉर्न, चहावाल्यांची धावपळ. गुरुवारी सगळ्याला सुट्टी. भर दुपारी बाराचं ऊन, रस्ता रिकामा, शटर खाली, टपऱ्यासुद्धा बंद. माझ्याच गाडीचा आवाज मला भिंतींवरून परत ऐकू येत होता.

वॉचमन कोंडाजीने दिंडी दरवाजा उघडला. "मी जेवाया बसलोय. तुमी या जाऊन," म्हणाला आणि त्याच्या खोलीत गेला.

शेडमध्ये अंधार होता. आच्छादनं टाकलेल्या मशीन रांगेने उभ्या होत्या. कुठेतरी मशीन गार ठेवणाऱ्या कुलंटचा थेंब पडत होता... टप्... बराच वेळ काही नाही... टप्. मी लॉकरमधून पट्टी काढली आणि पाणी प्यायला शेडमागे उघड्यावर टाकीकडे गेलो.

टाकीशेजारी, भिंतीच्या आडोशाला, आमची ओढायची जागा. रंगाचे दोन डबे उलटे टाकलेले. एक माझा, एक हिंदुरावतात्यांचा.

तात्या कोल्हापूरकडचे. मला लेथवर त्यांनीच उभं केलं. गालात कायम लवंग, आणि एका सिगारेटचे नेहमी दोन वाटे, अर्धी माझी, अर्धी त्यांची. शेवटी शेवटी त्यांची छाती गेली. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून बिचारे भिंतीला टेकून बसून रात्री काढायचे. "झोप म्हंजी काय आसतं, इसरलो बग," म्हणायचे. गेल्या दिवाळीच्या आधी ते गेले. तेव्हापासून मी अर्धी ओढायचो आणि उरलेली विझवून त्यांच्या बाजूला विटेवर ठेवून द्यायचो. नैवेद्य म्हणा, सवय म्हणा. गोळी सुरू झाल्यावर तेही बंद झालं.

मी नळ सोडला आणि वास आला.

लवंग. कुलंट. आणि त्यात मुरलेला सिगारेटचा वास. ताजा नव्हता. त्या कोपऱ्यात रोज कुणीतरी बसून असल्यासारखा वास होता तो. माझं नाक आत्ता उघडलं होतं. म्हणजे इतके महिने मी याच वासात बसून ओढत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

"आलास व्हय रं, रोहिदास..."

तात्या त्यांच्या डब्यावर बसले होते. तोच निळा शर्ट. बोटांत अर्धी सिगारेट, ओल लागून पिवळी पडलेली. मी शेवटची ठेवली होती तीच.

"माचिस हाय?"

"तात्या..." मी म्हटलं. "भिंतीवर लायटर आहे की. पेटवा."

"पेटत न्हाई रं," ते हळूच म्हणाले. "काडी लावून काय हुतंय... वडाया श्वास लागतो."

तेव्हा मी पाहिलं. ते बोलत होते, पण त्यांची छाती हलत नव्हती.

"एक झुरका तू वड. पेटली की माझ्याकडं दे. आपलं नेहमीगत... अर्धी अर्धी."

खोटं कशाला सांगू, हात पुढे गेला. भीतीने गेला की तलफेने, मला आजही सांगता येणार नाही. सिगारेट माझ्या बोटांत आली. ओठांपर्यंतही आली. आणि छातीवर, इथे डाव्या बाजूला, मला ईश्वरीच्या कानाची ऊब आठवली. मी सिगारेट विटेवर ठेवली.

"नको, तात्या. सोडली मी. पोरगी जवळ यायला लागलीय."

सोडलेल्या नळाचं पाणी वाजायचं थांबलं.

"मग नुसता श्वास दे," ते म्हणाले. "तुझ्यापाशी आता लई हाय. पयल्यागत घरघर न्हाई... मोकळा हाय. आईकतोय की मी."

त्यांचा हात माझ्या शर्टावर आला. जानेवारीतल्या कुलंटसारखा गार. माझा श्वास आखूड झाला... आणखी आखूड. ओरडायलाही वारा उरला नाही. आणि अशा वेळी माणसाला काय सुचावं? मुठीत पट्टी होती. मी अंगठ्याने एक गोळी फोडली आणि पुढे धरली.

"ही घ्या... तलफ जाते..."

हात सैल झाला. "कसली?"

"सिगारेट सोडायची. डॉक्टरांनी दिलीय. पण जेवून घ्यायची असते. जेवलात का?"

"मेल्यावर कोण जेवतं रं?"

"मग मळमळेल."

देवाशपथ, तात्या हसले. पूर्वी लेथवर माझ्या हातचा जॉब बिघडला की हसायचे, तसेच. त्या हसण्याने माझ्या जिवात जीव आला. मी हिंमत करून बाकीचंही सांगून टाकलं. "आणि स्वप्नं पडतात. लई रंगीत. माझे सासरे दोडके घ्यायला येतात."

तात्यांचं हसू थांबलं. "सपनं?" त्यांनी गोळीकडे पाहिलं. "म्हंजी... झोप लागती?"

मी मान डोलावली.

"गेल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई रं माझ्या. वाटलं हुतं, मेल्यावर तरी आडवं हुता यील." एवढं म्हणून त्यांनी गोळी उचलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज नाही. मी पेला भरायला वळलो, परत पाहिलं तर डबा रिकामा. विटेवरची सिगारेटही नव्हती.

घरी आल्यावर पूनम म्हणाली, "ते स्वप्नच. उभ्या उभ्या पडलं." डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी खोदून खोदून विचारलं, बोलावून तपासलं, मग म्हणाल्या, "ठीक आहात. पुन्हा असं काही दिसलं तर गोळी थांबवून माझ्याकडे यायचं." पुन्हा काही दिसलं नाही. लवंगेचा वासही त्या कोपऱ्यातून पार गेला. तिथे नुसता उन्हात तापलेल्या धुळीचा वास उरला. मी दोन्ही डबे सुलटे केले आणि त्यात तुळस लावली. तात्या सुटले, असं मनाशी म्हटलं आणि बरं वाटलं.

गोळ्यांचा कोर्स संपला. रंगीत स्वप्नं बंद झाली, सासऱ्यांची ये-जा थांबली. जिना चढताना आता धाप लागत नाही. पोरीचा पंपही कमी झालाय. तुम्हीही घ्या, डॉक्टरांना विचारून. चांगली आहे गोळी.

फक्त परवाची एक गोष्ट राहिली. दुपारी ईश्वरी नेहमीसारखी छातीला कान लावून पडली होती. मला वाटलं, झोपली. तर तिने नाक माझ्या तोंडाजवळ आणलं आणि हुंगलं.

"पप्पा, लवंग खाल्लीत?"

"नाही गं."

तिने परत कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"पप्पा, तुम्ही जागे आहात ना?"

"हो."

"मग आत घोरतंय कोण?"

मी श्वास रोखून धरला.

"अजून घोरतंय," ईश्वरी म्हणाली.