अकराजणींना गेलेलं पत्र

यशवंताला मुलगी झाली आणि बारशाला घर भरलं, ते साल दोन हजार चोवीस. बारशाचं सामान आणायला त्याची धाकटी बहीण वनिता दुर्गदबैलच्या बाजारात गेली होती. परतताना बसच्या पाटीकडे बघत उभी राहिली... बराच वेळ.

"धारवाडचीच आहे," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"ठाऊक आहे. चष्मा घरी राहिला."

"वय काय तुमचं?"

"चोवीस."

तो हसला. तीही हसली, मग स्वतःवरच चिडली.

त्याचं नाव श्रीवत्स. रायापुरात अंबूताईंच्या पडवीत तो शनिवार-रविवार बायकांना मराठी वाचायला शिकवायचा. पुढच्याच शनिवारी वनिता तिथं हजर. अकराजणी, प्रत्येकीच्या हाती टॅब. श्रीवत्स धडा एकच लिहायचा. जिला जेवढं वाचता येतं तेवढा सोपा करून टॅबमधलं मशीन तिच्यापुढं ठेवायचं. अंबूताईंना पानभर, वनिताला तीन ओळी.

बेलूरच्या कारखान्यात खोकी बांधताना वनिता शनिवार मोजू लागली. धड्यासाठी की मास्तरसाठी, तिचं तिलाच कळेना.

माघात वडिलांनी, अप्पांनी, अळणावरचं स्थळ आणलं. "दहा दिवसांनी, सोमवारी, होय की नाही ते सांग." वनितानं वर्गात ते सहज सांगितलं. श्रीवत्सच्या हातातला खडू मोडला.

पुढच्या शनिवारी तिनं टॅब उघडला. 'वनिता चांगली आहे. ती नेहमी येते. सरांना बरं वाटतं.'

"हे काय, सर्टिफिकेट?"

"अक्का, माझ्यात तर तुझ्या डोळ्यांचं लिहिलंय!" शेजारी बसलेली भागीरथी ओरडली.

अंबूताईंनी चष्मा नाकावर सरकवला. "माझ्यात पानभर आहे... अय्यो! हा धडा नव्हे गं. मास्तर, एकीला लिहिलंत आणि सगळ्यांना धाडलंत? बोट जरा सांभाळून!"

श्रीवत्स केव्हाच पायरीवर जाऊन उभा राहिला होता. कान लालबुंद. वनिता त्याच्यामागं गेली. तीन ओळी खऱ्या, डोळे खरे, की पानभर खरं?

"सर, मला चांगली कोण म्हणतंय? तुम्ही, की मशीन?"

"मी लिहिलं... त्यानं कमी केलं."

"आणि डोळे?"

"डोळे मीच."

"मग मी काय समजू? परवा अप्पांना उत्तर द्यायचंय. तीन ओळींवर अळणावरला नाही म्हणू?"

"मी तोंडानं सांगतो ना—"

"तोंडानं नको. बोललेलं माणूस विसरतं. कागदावर आहे?"

त्यानं खिशातून घडी काढली. निम्मा कागद खोडलेला. वनिता पायरीवर बसली आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. तो उभ्यानं घाम पुसत राहिला.

"हे काय लिहिलंय?"

तो वाकला. "ते... मलाही लागत नाही."

"आणि तुम्ही शिकवता!"

आतून दहाजणींचं हसू फुटलं. वनिताचं बोट पुढं सरकलं, अडलं. "तुम्ही आला नाहीत की... क... र..."

"करमत नाही," तो हळूच म्हणाला.

"मला येत होतं," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला म्हणता येतं का, ते बघत होते."

त्या संध्याकाळी तिनं तो कागद अप्पांना वाचून दाखवला, अडखळत, सगळाच्या सगळा. अप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मुलगा शिकलेला ना? मग एवढी खाडाखोड?"

"विचार करून लिहिलंय, अप्पा."

"हं." त्यांनी कागदावरच्या लेकीच्या बोटाकडं बघितलं. "अळणावरला नाही म्हणून मी कळवतो."

आपण माणसाच्या प्रेमात पडलो की वाचण्याच्या, हे वनिताला लग्नाच्या दिवशीही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. श्रीवत्सशी लग्न मे महिन्यात झालं. अंबूताईंनी पहिल्या रांगेत उभं राहून अक्षता टाकल्या. त्याच वर्षी, दोन हजार पंचवीसच्या दिवाळीला आठ दिवस असताना, सकाळी अंबूताई वारल्या; तोवर वनिताच्या टॅबवरही त्यांच्यासारखा पानभर धडा येऊ लागला होता.