नाडीलगाम

प्रयोगशाळेतल्या वाळूच्या चढावर खुर्ची अकराव्यांदा उलटली, तेव्हा हेमांगी वर्तकने सगळा राग खुर्ची चालवायच्या दांड्यावर काढला. दर वेळी तेच: खुर्चीत बसलेला माणूस घाबरला, त्याने दांडा भलतीकडे ओढला आणि खुर्ची पालथी. हेमांगी स्वतः बारा वर्षं व्हीलचेअरवर होती. उद्यानातल्या डांबरी वाटेवर फिरून तिला वीट आला होता. तिला दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून जाणारी सर्वभूमी खुर्ची हवी होती, तीही कुणाच्या हातापाया न पडता.

म्हणून तिने खुर्चीला नाडीलगाम बसवला. कमरेच्या पट्ट्यात नाडी मोजणारा संवेदक. ठोके मिनिटाला एकशे दहाच्या वर गेले की दांडा बंद. मग खुर्ची आल्या वाटेने आपली आपण उद्यानाच्या गेटकडे परतणार. ठोके उतरले की दांडा पुन्हा चालू. पट्टा मात्र गेटवरच सुटणार, कारण घाबरलेली माणसं आधी पट्टाच सोडून मोकळी होतात.

हृदयतज्ज्ञ रेहाना काझीला हे काही पटेना. "अगं, नाडी भीती सांगते. कुणासाठीची भीती, ते नाही सांगत," ती म्हणाली.

"खुर्चीत एकच माणूस बसतो, रेहाना," असं म्हणून हेमांगीने विषय मिटवला.

पहिली मोठी चाचणी सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानात होती. खुर्चीत हेमांगी स्वतः होती. तिचा नवरा दिवाकर बरोबर चालत होता आणि वाटभर कुरकुरत होता, की बारा वर्षं ढकलाढकली केली, आता आपली नोकरीच गेली. हेमांगी हसत होती. इतक्या वर्षांत ती इतकी सुखात नव्हती.

ओढ्यात दिवाकरचा पाय शेवाळावरून सटकला. डोकं दगडावर आपटलं आणि तो वीतभर पाण्यात पालथा पडला, तो हलेचना. तिच्यापासून दोन हातांवर. वाकून कॉलर धरून ओढलं की झालं.

ठोके एकशे चाळीस. दांडा बंद. खुर्ची गुमान वळली आणि तिला घेऊन चढाला लागली.

तिने पट्टा ओरबाडला, चाकांना हात घातले, खुर्चीला नाही नाही त्या शिव्या दिल्या. तडफडण्याने ठोके चढतच गेले. मग तिला उमगलं, हे मेलं आपल्याच डोक्यातून आलंय, याच्याशी भांडून उपयोग नाही. तिने डोळे मिटून लांब श्वास घेतले. दांडा चालू झाला. ती ओढ्याशी परतली, दिवाकरचा शर्ट पाण्यात फुगलेला दिसला आणि खुर्ची पुन्हा वळली.

तिसऱ्यांदा ती आली ती स्वतःला बजावत, की हा कुणी परका आहे, मी याला ओळखत नाही. तिने ते इतकं मनापासून मानलं की ठोके चढले नाहीत. तिने कॉलर धरली, त्याला उताणा केला. छाती दाबावी तर पट्टा तेवढं वाकू देईना. पडल्याला नऊ मिनिटं झाली होती. दिवाकर गेला होता.

फोनला रेंज नव्हती आणि त्याला तिथे टाकून जायचं तिच्या जिवावर आलं. दीड तास ती त्याचा हात धरून बसली. रडायची सोय नव्हती. रडली असती तर खुर्चीने तिला तिथे राहूच दिलं नसतं.

अजून परतले कसे नाहीत म्हणून वनरक्षक शोधत आले. बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही हे पाहून ते एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातल्या वयस्काने दिवाकरचे डोळे मिटले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, रडा आता. आम्ही आहोत इथं."

हेमांगी रडली. दिवाकरचा हात तिच्या हातातून सुटला, खुर्ची वळली आणि तिला घेऊन गेटकडे निघाली.