एक सूत जागा

जानेवारीतल्या त्या दुपारी आभाळ मनामावर इतकं खाली आलं होतं, की उंच इमारतींचे वरचे मजले दिसत नव्हते. पाऊस म्हणावा तर नुसती भुरभुर. पण आखातातल्या या बेटाला तेवढीही सोसत नाही. रस्त्यांत तळी साचली होती आणि पाणी उपसणारे टँकर जागोजागी सोंड लावून उभे होते. अंजना माहूजहून चालत संध्याकाळच्या कॉलेजात पोचली, तेव्हा तिची सलवार पोटरीपर्यंत भिजली होती. कोरडी होती ती फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीतली दहावीची मार्कशीट.

चार वर्षं ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसत होती. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून काम करायचं तर डिप्लोमा हवा. फॉर्म भरला. प्रवेशाच्या खिडकीत बसणाऱ्या उमैमा नावाच्या बाईनं तो शिक्का मारून घेतला आणि सांगितलं, दहा दिवसांनी परीक्षा, इंग्लिश आणि मॅथ्स; मार्कांवर वर्ग ठरणार. मॅथ्स ऐकताच अंजनानं पिशवीतल्या मार्कशीटकडे पाहिलं. दहावीला गणितात छत्तीस मार्क मिळाले होते, तेही काठावर. बाकावर बसून तिनं मेहकरला फोन लावला.

"बाबा, गणित पण आहे म्हणतात. नाही ना होणार माझ्यानं... हो. हो, करते प्रयत्न. जय भीम."

फोन ठेवते न ठेवते तोच शेजारून आवाज आला, "जय भीम, ताई. गणिताला काय भ्यायचं? ते चावतं व्हय?"

तिनं वळून पाहिलं. सडपातळ, सावळा, अंगात निळा बॉयलर सूट, आणि हातात तिच्यासारखाच फॉर्म.

"तुम्हाला नाही चावत वाटतं?"

"मला पत्रा चावतो." त्यानं बोटं पुढं केली. त्यांवर बारीक कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. "मी लहू. परभणीकडचा. तुबलीला एसीचे डक्ट बनवतो."

"मी अंजना. आणि ताई नका म्हणू, तुमच्याहून लहानच असेन मी."

लहू ओशाळून हसला. पण तोंडातून गेलेला शब्द आणि कापलेला पत्रा, दोन्ही परत जोडता येत नाहीत. तो ताई शब्द पुढं किती दिवस त्याच्या घशात अडकून राहणार होता, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

शिकवणी सुरू झाली ती चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर. कामं आटोपली की अंजना वही घेऊन यायची, लहू खिशातली पोलादी पट्टी काढायचा. आभाळ रोज तसंच, मळक्या चादरीसारखं.

"थ्री बाय एट अधिक वन बाय फोर," ती वाचायची आणि तिचा चेहरा पडायचा.

"आकडे इसरा. इंचात सूत किती?"

"आठ. तुम्हीच सांगितलं काल."

"मग थ्री बाय एट म्हणजे?"

"तीन सूत."

"आन् पाव इंच म्हणजे?"

"दोन... म्हणजे पाच सूत! फाइव्ह बाय एट!" ती एवढ्यानं ओरडली, की चहावाल्यानं मान वर केली. "शाळेत असं का नाही शिकवलं हो कुणी?"

"शाळेत पत्रा नव्हता."

ती हसली. मग पट्टी उचलून तिनं बाकावर दोघांच्या मधे ठेवली. "हे किती सूत?"

"लै हायेत."

"मोजा की."

लहूचे कान लाल झाले. पट्टी हातात घेऊन तो ती उगाच पुसत बसला. म्हणाला, "पत्र्याला पत्रा भिडवला, तरी मधी एक सूत जागा सोडावी लागते. इथल्या उन्हाळ्यात पत्रा पसरतो. जागा नाही ठेवली तर फुगतो, रातभर कण्हतो."

"आणि माणसं?"

"माणसांचं मला कुठं कळतं..."

त्याच दिवशी उठताना ती म्हणाली, "खरं सांगू? मी एकटी नाही बसायची त्या वर्गात. सगळे फाडफाड इंग्लिश बोलणारे. तुम्ही असाल तरच." लहू टँकरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परीक्षेला तर बसू." अंजनाला वाटलं, लाजतोय.

परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. निकाल तासाभरात छापून हातात आला. दोघांनाही थेट पहिल्या सत्रात प्रवेश. आधीचा तयारीचा वर्ग करायची गरज नाही. लहूला तर गणितात शंभरात एक्क्याण्णव. अंजना टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण त्याच्याकडे बघून तिचे हात थांबले. तो कागद तो परत परत वाचत होता, घरून आलेली तार वाचावी तसा. मग चार घड्या घालून त्यानं तो खिशात ठेवला, पट्टीशेजारी.

नाव नोंदवायचा शेवटचा दिवस गुरुवार होता. खिडकी चारला बंद होणार. लहू साडेतीनला आला, तोही पाय ओढत.

"आधी तुम्ही," अंजना म्हणाली.

"नको. आधी तू."

तू! तिनं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. "एक्क्याण्णववाल्यांचा मान पहिला," म्हणत तिनं त्याच्या हातातलं ओळखपत्राचं सीपीआर कार्ड झटकन ओढलं आणि खिडकीत सरकवलं. तो "अगं, थांब..." म्हणेपर्यंत उमैमानं ते मशीनमध्ये घातलंसुद्धा.

उमैमानं पडद्याकडे पाहिलं, मग लहूकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "कार्ड फेब्रुवारी खलास, ब्रदर. कोर्स जून तक. सिस्टिम मफी, नहीं लेता. कंपनी को बोलो, रिन्यू करो."

"कंपनी नहीं करेगी," लहू म्हणाला. "काम खतम."

कार्ड परत घेऊन तो बाहेर पायऱ्यांवर गेला. अंजना मागोमाग.

"कधी कळलं?"

"फॉर्म घेतला त्याच्या आदल्या दिशी."

"मग फॉर्म घेतलाच कशाला?"

"बघायचं होतं." लहू भिंतीला टेकला. "आठ वर्षं दुसऱ्यांचं माप घेतलं मी. मला कुणी मोजलंच नव्हतं कधी. म्हटलं, जायच्या आधी आपण कुठं बसतो ते तरी बघू. मग तू फोनवर रडकुंडीला आलेली दिसलीस..."

"आणि खोटं बोललात."

"खोटं नाही बोललो. गप बसलो."

"तेच ते!"

भुरभुर पुन्हा सुरू झाली. अंजनानं पिशवी छातीशी धरली. "मग मी पण नाही घेत प्रवेश. जाऊ द्या. काउंटरच बरं."

लहूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या पायी मागं राहणार? बाबांना काय सांगशील? पत्रेवाला गेला म्हणून शाळा सोडली? जा आत. वीस मिनिटं हायेत."

ती हलली नाही. थेंब तिच्या पापण्यांवर थांबत होते, त्यातले किती पावसाचे होते कोण जाणे. लहूनं मान खाली घातली.

"अंजना... त्या दिशी तुला ताई म्हणलो ना... ते मी परत घेतो."

ती हसली. मग हसता हसताच तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिनं ओढणी तोंडावर धरली. "इतक्या उशिरा?"

"डेरिंगच होत नव्हती."

"माझी होत होती. मी नाही का पट्टी ठेवली मधे?"

चारला सात मिनिटं कमी असताना ती खिडकीपाशी पोचली. नोंदणी झाली. टाइमटेबल छापून आलं. कागद हातात घेऊनही ती तिथंच उभी राहिली. "सिस्टर, वो मेरे पहलेवाला... उसका रिझल्ट?"

उमैमानं पडदा पाहिला. "रिझल्ट दो साल. नया व्हिसा लायेगा, तो फिर टेस्ट नहीं. इंशाल्ला." आणि बोटानं दार दाखवत हसली, "यल्ला, जा. भीग रहा है."

अंजना बाहेर आली. "दोन वर्षं," ती म्हणाली. "तुमचा निकाल दोन वर्षं चालतो. आणि मी पण."

खिशातून पट्टी काढून लहूनं तिच्या पिशवीत, मार्कशीटशेजारी ठेवली.

वर्ग सुरू झाला तेव्हा त्याच्या जाण्याला नऊ दिवस उरले होते. पहिल्या संध्याकाळी तो दारापर्यंत आला आणि काचेपलीकडे उभा राहिला. अंजना आत गेली. एकटी. तिसऱ्या रांगेत लांब बाकावर बसली, वही काढली, वहीवर पट्टी ठेवली. थोड्या वेळानं एक फिलिपिनो मुलगी येऊन शेजारी बसायला लागली. अंजना हसून सरकली, पण पार टोकापर्यंत नाही. भिंतीकडच्या बाजूला तिनं थोडी जागा तशीच ठेवली.

मग काचेकडे वळून तिनं एक बोट वर केलं.

लहूला बरोबर कळलं. मान हलवून तो भिजल्या रस्त्यानं चालू लागला.